खाऱ्या वाफ्यातली आखाजी

सुनेचा भाऊ सकाळपासून ओट्यावर बसला आहे. दोंडाईच्याहून मोटारीने आला तेव्हा त्याच्या अंगावर दोन तालुक्यांची धूळ होती. झटकली असती तर एखादं वावर भरलं असतं. आखाजी तोंडावर आली, म्हणजे लेकीला माहेरी न्यायला मुराळी येणारच. अक्षय्य तृतीया इतरांसाठी मुहूर्ताचा दिवस असेल, आम्हा खानदेशच्या बायकांना तो सुटकेचा दिवस. लिंबाच्या फांदीला झोका, घागरीवर डांगर, खापरावरच्या पोळ्या, आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर.

मी अजून त्याला 'ने' म्हटलेलं नाही आणि 'नको'ही म्हटलेलं नाही. गुळाचा चहा हातात दिला आणि कागद घेऊन आत येऊन बसले. स्वयंपाकघरात सून मघापासून एकच भांडं घासते आहे. थोड्या वेळाने त्या भांड्याची गाळणी होईल.

माझी अडचण साखरेची आहे. सध्या लढाईपायी साखर रेशनवर. आमच्या धुळ्यात दुकानाची रांग सुरू होते आमच्या गल्लीच्या तोंडाशी आणि माझ्या अंदाजाने संपते चाळीसगावला. माझे गुडघे असे बोलतात की रांगेतल्या बायका मागे वळून बघतात, त्यामुळे उभी राहते ती सून. ती माहेरी गेली तर रांगेत कोण? घरात चहा गुळाचा झाला की आमचे हे तोंड असं करतात, जणू लढाई त्यांनीच हरली.

साखर म्हटलं की लोकांना ऊस आठवतो. मला मीठ आठवतं. आणि चैत्रातला असा तापलेला वारा सुटला की जिभेवर अजून ती खारट चव येते, जिच्यामागून एकदाच कधीतरी गोड लागलं होतं.

मागच्या लढाईतली गोष्ट. तेव्हाही साखर अशीच दुर्मीळ झाली होती. ती परमुलखातून बोटीने यायची आणि बोटी बुडत होत्या. समुद्र तेवढा गोड होत चालला असावा. माझं लग्न नुकतं झालेलं. माहेर चोपड्याकडचं, केळीच्या सावलीतलं; सासर शिंदखेड्याच्या बाजूला, तापीच्या अलीकडे. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबांची जमीन चांगली काळी, पण एक वावर मात्र खार फुटलेलं. उन्हाने ते असं पांढरं पडायचं, की परगावचा माणूस कपाशी फुटली समजून वेचायला वाकायचा. त्या वावरात आमच्या गाई चरत नसत, चाटत असत. तिथल्या विहिरीचं पाणी आमटीत घातलं तर वरून मीठ लागायचं नाही, फक्त आमटी कुणी खायची नाही.

धुळ्याचे शेतकी साहेब ते वावर पाहून हरखले. त्या वावराला पाहून हरखलेला पृथ्वीवरचा तो पहिला माणूस. त्यांना एक नवं पीक लावून पाहायचं होतं: साखरेचं बीट. मुळ्यासारखं जमिनीत वाढतं, पांढरं असतं आणि त्याची म्हणे साखर होते. त्याच्या तीन जाती साहेबांनी आणल्या होत्या. खाऱ्या मातीत कोणती जात तगते, कोणती कधी मान टाकते, हे बघायचं. म्हणून सहा वाफे पाडले. तीन वाफे चांगल्या जमिनीत, गोड्या विहिरीच्या पाण्यावर. तीन खाऱ्या वावरात, खाऱ्याच पाण्यावर. प्रत्येक जात दोन्हीकडे, म्हणजे एकाच आईच्या लेकी, एक सुखाच्या घरी दिलेली, एक आमच्याकडे.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी ते बी तळहातावर घेतलं, उलटसुलट केलं आणि साहेबांसमोर विचारलं, "हाई बी शे का बकरीनी लेंडी?"

साहेब हसले, पण आबा हसले नाहीत. सरकारी लेंडीला लेंडी म्हणू नये, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

प्रत्येक वाफ्याशी एक खुंटी ठोकली आणि कारकुनाने तीवर जातीचं नाव बाळबोधीत लिहिलं. नावं सगळी परमुलखाची. एक शिंकेसारखं, एक घसा खाकरल्यासारखं, आणि तिसरं असं लांबलचक, की वाचायला लागावं तर शेवटापर्यंत जाताना सुरुवात विसरायला व्हावं. साहेबांनी विचारलं, घरात वाचता कुणाला येतं? दर आठवड्याला कारकून येईल, त्याला कुठल्या जातीची पानं किती बोटं वाढली, किती रोपं गेली, ते सांगायचं.

आबांनी माझ्याकडे बोट केलं. माझे वडील चोपड्याकडे शाळेत शिकवायचे आणि लग्न ठरवताना त्यांनी छाती फुगवून सांगितलं होतं, मुलगी वाचते. वाचायचीच फक्त. लिहायला मला शिकवलं नव्हतं. मुलीच्या जातीला पोथी वाचता आली म्हणजे पुरे, लिहायला आलं की ती पत्रं लिहील, असं तेव्हाच्या शहाण्या माणसांचं मत होतं. त्यात माझे वडीलही शहाणे. त्यामुळे मी अर्धीच शिकलेली. बाहेरचं आत यायला वाट होती, आतलं बाहेर जायला नव्हती. सासरी वाईट दिवस गेला तर ते मला कळायचं, चोपड्याला कळायचं नाही.

अशी मी त्या खुंट्यांना बांधली गेले. घरात आमचे हे असते तर वेगळं. पण ते जळगावला जिनमध्ये कापसाच्या हंगामापुरते कामाला होते. सही करण्याइतकं त्यांना येत होतं, आणि ती सहीदेखील दोनदा केली तर दोन वेगळ्या माणसांची वाटायची.

दिवाळीनंतर बी टाकलं. गोड्या वाफ्यांत ते आठवड्यात हिरवं झालं. खाऱ्या वाफ्यांत मात्र पाणी दिलं की मीठ वर यायचं आणि वाळून त्याची पापडी धरायची. खाली कोंब, वर पापडी. मी उन्हात उकिडवी बसून तिच्याकडे बघायची. कान लावला तर आतून कुणी टकटक करतंय असं ऐकू यायचं. तुम्ही म्हणाल, बाई थापा मारते. मारते, पण त्या जागेपुरती मी थाप मारत नाही. सोळा-सतरा वर्षांची पोर तोंडावर पदर ओढून दिवसभर पांढऱ्या मातीशी बसली की तिला काय काय ऐकू येतं, ते तिलाच विचारा.

त्यात ते बी मुलखावेगळं. एका बीतून चार-पाच रोपं निघायची, एकमेकांच्या मानगुटीवर बसलेली. आत्याबाई म्हणाल्या, "हाई ते आपलं घरच शे!" खरंच होतं. एका छपराखाली तीन जावा, दोन नणंदा, सगळ्यांची मुळं एका चुलीत. साहेबांचा हुकूम होता, एक रोप ठेवा, बाकीची उपटा. मी सुरुवातीला उपटताना रडले. मग मोठी जाऊ आठवली, आणि हात भराभर चालायला लागला.

त्या वावराच्या पलीकडून आगगाडी दिसायची. गाडी नव्हे, धूर दिसायचा. सकाळचा धूर पूर्वेकडे जायचा, म्हणजे अमळनेरकडे, म्हणजे उतरून बैलगाडीने तापी ओलांडली की चोपडं. तो धूर मी इतक्यांदा डोळ्यांनी ओढून धरला, की गाडी त्या वळणावर नेहमी थोडी उशिरा यायची. अमळनेरच्या स्टेशनमास्तराला अजून कारण कळलेलं नाही.

तिन्ही जातींचे स्वभाव हळूहळू उघडे पडले. शिंकेच्या नावाची जात गोड्या पाण्यावर अशी पसरली, की दोन वाफ्यांमधली वाट नाहीशी झाली. तीच जात खाऱ्यात पापडीखालीच मेली, जी उगवली ती पिवळी पडून बसली. खाकरल्याच्या नावाची खाऱ्यात जोमाने उठली, आम्ही कौतुक करतो न करतो तोच पानांच्या कडा जळाल्या, जणू कुणी विडी ओढून टेकवली. आणि तिसरी, लांब नावाची, अंगाने सगळ्यात ठेंगणी. ती खाऱ्यात उगवलीच मुळी उशिरा. मी तिचा वाफा गेला असं धरून चालले होते. मग एकेक पान आलं, जाड, काळपट हिरवं, बोटाने वाकवलं तर कटकन मोडेल असं. दुपारी ऊन डोक्यावर आलं की ती सगळी पानं जमिनीला टेकायची, बघणाऱ्याला वाटावं संपली. उन्हं उतरली की पुन्हा कान टवकारून उभी. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा आडवी. रोज मरायची आणि रोज चहाच्या वेळेला उठायची.

पुढे कुणीतरी मला म्हणालं, ती ठेंगणी म्हणजे तूच की. मुळीच नाही. मी चांगली उंच आहे.

होळी आली आणि घात झाला. होळीला पोरांनी कुणाचंही लाकूड पळवावं, मालकाने सकाळी उठून बोंब ठोकावी आणि सगळ्यांनी हसावं, ही आमच्याकडची रीतच. कुणाचं दार, कुणाची शिडी. त्या वर्षी गावच्या पोरांनी दोन्ही वावरांतल्या सहाही खुंट्या उपटून होळीत टाकल्या. परमुलखाची ती नावं पुरणाच्या नैवेद्याबरोबर स्वर्गाला गेली. मी सकाळी जाऊन बघते, तर वाफे आहेत, बीट आहे, नाव एकालाही नाही.

आबांनी ऐकलं आणि ओट्यावर मटकन बसले. "सरकारनी खुटी जाळी म्हंजे सरकारच जाळं!" असं ते पुटपुटायला लागले. मी म्हटलं, कुलकर्ण्यांना सांगून नव्या खुंट्या लिहून घेऊ. तर आबांनी माझ्यावरच डोळे वटारले. कुलकर्णी म्हणजे सरकारचा कान. त्याला सांगायचं म्हणजे दवंडी पिटायची. मला स्वतःला लिहिता येत नव्हतं. राहिलं काय? माझं डोकं. नावं तोंडपाठ होती, कुठला वाफा कुणाचा ते झोपेतही सांगितलं असतं. पाहणीला दर आठवड्याला येणारा कारकून आला, की मी वाफ्याशी उभी राहून नाव म्हणायची आणि तो लिहायचा. खुंटी कुठे आहे, हे त्याने विचारलं नाही, कारण उन्हात त्याला लवकर परत जायचं असायचं.

याचा अर्थ मला लगेच कळला नाही. कळला तो माझा थोरला भाऊ, नाना, चोपड्याहून मुराळी होऊन आला तेव्हा. लग्नानंतरची माझी पहिली आखाजी. पहिल्या आखाजीला मुलगी माहेरी गेली नाही तर तिचा झोका रिकामा हलतो आणि आई त्याच्याकडे बघत नाही. नाना ओट्यावर बसला, अगदी या पोरासारखा, पागोटं मांडीवर घेऊन. त्याने पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही. म्हणाला, "गोदीला घेऊन निघतो, मग वाटेत पिईन."

आबा म्हणाले, "नाना, तशी काही ना नही. पन बीट उपटाले साहेब आखाजीनंतर येतीन. ती गयी ते वाफा कोन सांगी?"

"कसले वाफे?"

आबांनी सगळं सांगितलं. नाना ऐकत गेला आणि त्याचा चेहरा असा होत गेला, जणू त्याला सांगतायत की तुझी बहीण आता माणूस नाही, पाटी आहे.

"म्हणजे मुळ्यांसाठी माझ्या बहिणीची आखाजी बुडवता?"

"मुया नहीत, साखर शे," आबा म्हणाले. "सरकारनी."

मी दाराआड उभी. मी लाकडाची खुंटी असते, तर निदान चोरीला गेले असते.

नाना हट्टी. तहानलेलाच बसून राहिला. दुपार झाली. चैत्र-वैशाखाच्या सांध्यावरचं आमच्याकडचं ऊन म्हणजे सावलीलाही चटका बसतो. त्यात माझा भाऊ ओठ चाटत ओट्यावर बसलेला, समोर भरलेला तांब्या. गावातल्या बायका पाण्याला जाता-येता बघायच्या. आबा एकदा आत, एकदा बाहेर. कुणीच माघार घेईना.

आत्याबाई उठल्या. माझं मनगट धरलं आणि मला वावरात घेऊन गेल्या.

आत्याबाईंबद्दल एक सांगायचं राहिलं. त्यांचं माहेर तापीच्या पल्याड, अगदी समोर. आखाजीला आमच्याकडे बायका नदीच्या दोन्ही काठांवर जमतात, गौराई पाण्यात सोडतात आणि एका गावच्या दुसऱ्या गावच्यांना मनसोक्त शिव्या देतात. वर्षाचं तोंड बांधलेलं त्या दिवशी सुटतं. आत्याबाईंचा भाऊ वारल्यापासून त्यांना न्यायला कुणी येत नव्हतं. त्या दर आखाजीला या काठावर उभ्या राहायच्या आणि स्वतःच्याच माहेरच्या गावाला शिव्या द्यायच्या. त्यांच्याइतक्या लांब शिव्या कुणाच्या पोचत नसत. पलीकडून उत्तर आलं की त्या ओळखायच्या, हा आवाज माझ्या भावजयीचा, हा चुलत बहिणीचा. तेवढीच त्यांची खुशाली.

वाफ्याशी येऊन त्या म्हणाल्या, "सांग. कोन कोन शे?"

मी नाव म्हटलं. त्यांनी म्हणून पाहिलं, जीभ अडकली. पुन्हा म्हटलं, पुन्हा अडकली. मग मलाच काय सुचलं कोण जाणे. मी पदर खोचला आणि आखाजीच्या आवाजात त्या वाफ्याला शिवी घातली. म्हटलं, ही बघा पाटलीण, गोड खाऊन फुगली, कष्ट दिसले की शिंकली! आणि शिंकून तिचं नाव घेतलं. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनीही शिंकून तिला अशी एक शिवी घातली, की त्या वाफ्याची तेवढी पानं कायमची वाकडी झाली. नाव मात्र बरोबर आलं. दुसरीला आम्ही ठरवलं हवालदारीण, आधी मोठमोठ्याने खाकरणारी आणि ऊन लागताच कडेने करपणारी. तेही नाव बसलं. खारे वाफे, गोडे वाफे, सगळ्यांना आम्ही दोघी यथेच्छ बोललो. त्या घरात आल्यापासून मी एवढी हसले नव्हते. आत्याबाईंना तर हसताना मी पाहिलंच नव्हतं. त्यांना पुढचे दोन दात नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

राहिली ठेंगणी. तिचं नाव लांब, आणि तिला शिवी सुचेना. दुपारची वेळ, पानं जमिनीला टेकलेली. मी तीन-चारदा नाव सांगितलं. आत्याबाईंनी म्हणून दाखवलं, पुन्हा विसरल्या, पुन्हा म्हटलं. मग त्यांनी वाकून एक ठेंगणं बीट उपटलं, पदराने पुसलं, मोडलं आणि अर्धं मला दिलं. सरकारी पीक! मी दाताखाली धरलं. आधी खारट. थुंकणार, एवढ्यात मागून गोड आलं, घट्ट, खोल, गोड्या वाफ्यातल्या पोसलेल्या बीटात कधी न लागलेलं.

आत्याबाई म्हणाल्या, "जाय तू. मी बठ्ठं ध्यानमा ठेवसू."

"आणि आबा?"

"त्यासले मी देखस."

त्यांनी आबांना काय सांगितलं मला माहीत नाही. तिन्हीसांजेच्या आत मी नानाच्या बैलगाडीत होते, आणि गाव मागे पडल्यावर नाना पहिल्या ओढ्याशी वाकून एवढं पाणी प्यायला, की ओढ्याखालच्या गावाची त्या वर्षी ओरड झाली.

माहेरी झोका खेळले, आमरस खाल्ला, काठावर उभी राहून घसा बसेपर्यंत शिव्या दिल्या. पण त्या आखाजीला मी पहिल्याच दिवशी जे केलं ते कुणाला अपेक्षित नव्हतं. वडिलांसमोर पाटी ठेवली आणि म्हटलं, "लिहायला शिकवा. नाही तर मी परत जात नाही." ते म्हणाले, "मुलींनी लिहून करायचं काय?" मी म्हटलं, "खुंट्या." त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी शिकवलं. आज हा कागद भरतो आहे तो त्या हट्टाचा.

परत आले तेव्हा वाफे रिकामे होते. मातीवर पांढरी साय धरली होती, नुसते खड्डे राहिले होते. आत्याबाई चुलीशी होत्या. मी विचारलं, साहेब आले? बरोबर सांगितलं ना सगळं?

"सांगं. शिंकणारी सांगी, खाकरणारी सांगी. साहेब खूश."

"आणि तिसरी? खाऱ्यातली, ठेंगणी?"

आत्याबाईंनी भाकरी उलटली. सगळ्यात जास्त त्याच वाफ्यावर साहेब थांबले होते, म्हणाल्या. वाकून मुळं बघितली, चाखली, पुन्हा बघितली. म्हणाले, बाई, ही जात कोणती, जी इथे तगली?

"मी नाव इसरी गऊ," आत्याबाई म्हणाल्या. मला त्या तोवर 'चोपडावाली' म्हणूनच हाक मारायच्या. माझं नाव त्यांना ठाऊक आहे की नाही, याचीही मला शंका होती. फुंकणीने त्यांनी विस्तव सारखा केला. "मंग मी सांगं, गोदावरी."

साहेब बदलून आलेले नवे, बियांची नावं त्यांनाही ठाऊक नव्हती; त्यांनी तेच लिहून घेतलं आणि ते धुळ्याला गेले. मग पुण्याला, मुंबईला, विलायतेला पत्रं गेली असणार, की खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या त्या गोदावरीचं बी पाठवा. आणि बियाण्याच्या सगळ्या पेढीवाल्यांनी डोकी खाजवली असणार, की अशी कुठली जात आमच्याकडे नाही. पीक पुन्हा लागलं नाही. खानदेशात साखर बीटाची न होता उसाची राहिली, त्याला लोक हवामान, बाजार, काय काय कारणं देतात. देऊ देत. खरं कारण मला ठाऊक आहे, आणि ते त्या आखाजीला चोपड्याला झोका खेळत होतं.

बाहेर ओट्यावरचा पोरगा खाकरला. चहाचा पेला तसाच, अर्धा. स्वयंपाकघरात घासण्याचा आवाज थांबला आहे. ती दाराशी येऊन उभी असणार, पदर ओढून, श्वास धरून. हे मला न बघता दिसतं आहे.

मी अजूनपर्यंत तिला 'दोंडाईचेवाली' म्हणत आले. आमच्याकडे म्हणतात तसंच.

रेशनचं कार्ड फळीवर आहे. माझ्या चपला दाराशी आहेत. गुडघे बोलतील ते बोलोत. रांगेतल्या बायकांना तेवढीच करमणूक.

"शांता," मी हाक मारली, "लुगडी बांध. आणि तुझ्या भावाला सांग, आधी पाणी पी म्हणावं."